एआय फोटो 'जनरेटिंग'वरच अडकून बसायलाय, थांबावं का परत दाबावं?

फ्लेक्सवाला_परभणी :
रामराम मंडळी. आपलं डिजिटल फ्लेक्सचं दुकान हाय. पोळा तोंडावर आलाय, त्याच्या मागं लगेच गणपती आन् मग १७ सप्टेंबरचा मुक्तिसंग्राम दिन. गिऱ्हाइकाला आता जुने बॅकग्राउंड नको असतेत, "एआयवालं कर" म्हणतेत. म्हणून एका टूलचं महिन्याचं पॅक घेतलं, नाव लिहीत नाही, उगं वाद नको. तर व्हायलंय असं की प्रॉम्प्ट, म्हंजे कसला फोटो पाहिजे ते लिहून टाकलं की गोल फिरायलंय ते फिरायलंयच. ना फोटो येतो ना एरर येते. कधी पटकन येतो, कधी चहा पिऊन आलो तरी तेच. रिफ्रेश मारलं तर आधीचं गायब आन् क्रेडिट मात्र कटलेले, परत दाबलं की परत कटले. समोर गिऱ्हाईक खुर्ची टाकून बसलेलं असतंय, बाहेरगावचं असलं तर उठत बी नाही. माझा प्रश्न एवढाच, अडकलं की थांबावं का परत दाबावं? आन् कटलेले क्रेडिट वापस मिळतेत का?

हुरडापार्टी :
नेट बघ.

फ्लेक्सवाला_परभणी :
नेट नसतं तर हा धागा कुठून काढला असता भौ

मोसंबी_जालना :
हाहा. पण हुरडापार्टी अगदीच चूक नाही बरं का. आपण स्पीड बघतो ती डाउनलोडची. तुम्ही गिऱ्हाइकाचा फोटो टाकून त्याच्यावर काम करून घेत असाल तर तो आधी वर चढावा लागतो, आणि अपलोड स्पीड बऱ्याच कनेक्शनला लै कमी असते. फोटोग्राफरकडून आलेली वीस-पंचवीस एमबीची फाइल तशीच टाकली की पान 'जनरेटिंग' दाखवत बसतं, आतमधी अजून अपलोडच चालू असतं. आधी जेपीजी करून एक-दोन एमबीवर आणा. आणि आयफोनवाल्यांचे फोटो हेइक फॉरमॅटमधी येतेत, काही टूलला ते उघडतच नाहीत आणि तसं सांगत पण नाहीत.

अंबाजोगाई_ते_हिंजवडी :
याच लायनीत काम करतो, फोटोचं नाही पण मागची यंत्रणा सारखीच असते, म्हणून जरा लांब लिहितो.

तुम्ही बटण दाबता तेव्हा तुमचा ब्राउझर आणि फोटो बनवणारी मशीन थेट बोलत नसतात. मागणी आधी रांगेत जाते, तिला एक जॉब नंबर मिळतो आणि मग तुमचं पान दर थोड्या सेकंदांनी सर्व्हरला विचारत बसतं, झालं का, झालं का. ते गोल जे फिरतं ना, ते फक्त या विचारण्याचं आहे. तिकडं जीपीयूवर, म्हणजे फोटो बनवणाऱ्या ग्राफिक चिपवर, काय चाललंय याचा त्याच्याशी काही संबंध नाही. मधेच नेट दोन सेकंद गेलं, विचारणं तुटलं, तर फोटो तिकडं बनून पडलेला असतो आणि इकडं गोल फिरतच राहतं.

आता तुमचा प्रश्न. कारखान्यावर उसाची गाडी नंबरला लावली आणि रांग हलेना म्हणून कुणी गाडी वळवून परत गेटापासून येतं का? रिफ्रेश मारून परत दाबणं म्हणजे तेच. उलट इथं पहिली गाडी पण रांगेतच राहते, तिचेही पैसे लागतात आणि दुसरीचेही. त्यामुळं अडकलं की पहिलं काम म्हणजे ते पान तसंच ठेवून दुसऱ्या टॅबमध्ये टूलची गॅलरी किंवा हिस्टरी उघडा. तिथं फोटो आलेला असेल तर विषय संपला. तिथं 'क्यूड' म्हणजे रांगेत असं दिसत असेल तर थांबा. 'फेल्ड' दिसत असेल तर परत दाबा. आणि तिथं त्या जॉबची नोंदच नसेल तर बहुतेक मागणी पोचलीच नसते, मग दाबा.

कॉम्प्युटर असेल तर एफ१२ दाबून नेटवर्क म्हणून टॅब आहे तो बघा. घाबरायचं नाही, लाल ओळ दिसते का एवढंच बघायचं, तिच्यापुढं नंबर असतो. ४२९ म्हणजे कमी वेळात जास्त मागण्या झाल्या, हात आवरा. ५०३ म्हणजे सर्व्हरवर गर्दी. ५०४ म्हणजे मधल्या सर्व्हरनं वाट बघून सोडून दिलं, पण मागं काम चालू असू शकतं, म्हणून ५०४ नंतर गॅलरी बघितल्याशिवाय परत दाबू नका. ४०१ किंवा ४०३ आलं तर बहुतेक वेळा लॉगिन संपलेलं असतं, बाहेर पडून परत आत या. ४१३ म्हणजे फाइल मोठी, मोसंबी म्हणतात ते.

हुरडापार्टी :
मी दोन शब्दात सांगितलं होतं याने दोन पानात सांगितलं 😄

तुरीचं_वरण :
तुझ्या दोन शब्दात ४२९ कुठं होतं रे

फळाखडू_लातूर :
नमस्कार. मी प्राथमिक शाळेत आहे, परिसर अभ्यासाची चित्रं बनवते. माझं सगळं मोबाइलवरच चालतं आणि माझा अनुभव असा की स्क्रीन बंद झाली किंवा मधे व्हॉट्सअप बघायला गेले की परत आल्यावर चित्र अडकलेलं. स्क्रीनकडे बघत बसलं की येतं. हे खरंच असतं की माझा भास?

मोसंबी_जालना :
भास नाही ताई. अँड्रॉइड बॅटरी वाचवायला मागचं अ‍ॅप झोपवतं, मग ते वर लिहिलेलं "झालं का" विचारणं बंद पडतं. सेटिंगमध्ये त्या अ‍ॅपची बॅटरी 'अनरिस्ट्रिक्टेड' करा आणि डेटा सेव्हर चालू असेल तर त्यातून ते अ‍ॅप वगळा. काही चिनी कंपन्यांच्या फोनमध्ये ऑटोस्टार्टची वेगळीच परवानगी असते, ती पण द्या.

फळाखडू_लातूर :
केलं. आत्ता व्हॉट्सअप बघून परत आले तर चित्र तयार होतं. आभार. पण चित्रातल्या नांगराला स्टिअरिंग आहे 🙏

गोदाकाठ_नांदेड :
मी वेगळं सांगतो. ह्या ऑनलाइन टूलच्या नादी लागूच नका. मी घरी कॉम्फीयूआय चालवलालो, आपल्याच कॉम्प्युटरवर एआय फोटो काढायचं सॉफ्टवेअर हाय ते, क्रेडिट नाही रांग नाही कुणाच्या बापाचं काही नाही. फ्लेक्सवाल्याकडं कॉम्प्युटर असणारच, त्यात ग्राफिक कार्ड टाकायचं आन् मोकळं व्हायचं.

तुरीचं_वरण :
हाव, मोकळं व्हायचं. कार्डाचे पैसे कोण देणार, तू?

फ्लेक्सवाला_परभणी :
कार्ड हाय माझ्याकडं, एनव्हिडियाचं १६५०, चार जीबीचं. कोरलड्रॉ ह्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरसाठी घेतलं होतं. चालतंय का त्याच्यावर?

गोदाकाठ_नांदेड :
चालतंय पण तिथं बी अडकतंय, ते अडकणं वेगळं असतंय. सांगतो.

पहिल्यांदा चालू केलं की काहीच होईना गेलंय असं वाटतं. ती काळी खिडकी असती ना मागं, ती वाचा. कधी कधी ते मॉडेल उतरवलालं असतं. एसडीएक्सएल म्हणून फोटोचं मॉडेल हाय, त्याची नुसती मूळ फाइलच जवळपास ७ जीबीची हाय. उतरल्यावर ती डिस्कवरून रॅममधी आन् रॅममधून कार्डात जाती, जुनी हार्डडिस्क असली तर पहिला फोटो लै उशिरा येतो, दुसरा लवकर येतो. रॅम कमी असली तर विंडोजची पेजिंग फाइल वाढवा, नाहीतर मॉडेल लोड होता होताच सगळं गप बंद पडतं.

दुसरं म्हणजे शेवटाला अडकणं. सगळ्या स्टेप झाल्या, बार शंभराला टेकला आन् तिथंच उभा. लोक इथंच चिडून बंद करतेत. मशीन फोटो थेट फोटोच्या आकारात काढतच नाही. ५१२ बाय ५१२ चा फोटो असला तर आतमधी काम चालतंय ६४ बाय ६४ वर, सगळी गाळणी तिथंच होती आन् एकदम शेवटी व्हीएई म्हणून एक भाग त्याला मोठ्या फोटोत उलगडतो. त्या उलगडण्याला एकदम मेमरी लागती. चार जीबीत ती कमी पडू शकती. उपाय हाय, कॉम्फीत 'व्हीएई डीकोड टाइल्ड' नावाचा नोड हाय तो लावा, तुकड्या-तुकड्यानं उलगडतो.

तिसरं, एनव्हिडियाच्या २०२३ नंतरच्या ड्रायव्हरमधी कार्डाची मेमरी भरली की एरर द्यायच्या ऐवजी कॉम्प्युटरची साधी रॅम वापरायला घेतेत. म्हणजे बंद पडत नाही पण इतकं हळू होतं की अडकल्यासारखंच. एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमधी 'सिसमेम फॉलबॅक पॉलिसी' हाय, ती 'प्रेफर नो' करा. मग मेमरी संपली की सरळ एरर येईल. एरर आली तर बरंच की, निदान कळतं तरी.

आन् १६५० वर फोटो पूर्ण काळा आला तर घाबरू नका, १६ मालिकेच्या कार्डांना अर्ध्या प्रिसिजनचं गणित झेपत नाही. चालू करताना फोर्स एफपी३२ चा पर्याय द्यायचा, पण मग मेमरी आणखी लागती.

तुरीचं_वरण :
म्हणजे थोडक्यात त्याच्या कार्डावर नको हे सांगायला तू एवढं लिहिलंस

गोदाकाठ_नांदेड :
५१२ मधी निघतोय की. वेळ लागतो फक्त.

उदगीरकर :
आन् वेळ लागला की लाईट जाती.

गोदाकाठ_नांदेड :
ते मात्र खरंय. इन्व्हर्टरवर ग्राफिक कार्ड चालवायच्या भानगडीत पडू नका.

वाळूजवाला :
फ्लेक्सवाला, तुम्ही दिवसातून कोणत्या वेळेला करता? मी संभाजीनगरला एका कंपनीत कॅटलॉगचं काम बघतो. रात्री आठ-नऊनंतर हमखास रखडतं कारण तेव्हा अमेरिकेची सकाळ होते आणि तिकडं ऑफिस सुरू होतात. आपल्याकडं दुपारी अकरा ते तीन तिकडं मध्यरात्र ते पहाट. माझी सगळी मोठी कामं त्याच वेळात टाकतो.

अंबाजोगाई_ते_हिंजवडी :
हे काही वर्षांपूर्वी जास्त खरं होतं. आता आपलेच लोक एवढे आहेत की नुसतं अमेरिकेचं घड्याळ बघून चालत नाही. मार्च २०२५ मध्ये चॅटजीपीटीत फोटो बनवायची नवीन सोय आली आणि सगळं जग आपापले फोटो जपानी कार्टूनसारखे करायला लागलं, तेव्हा चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयच्या प्रमुखानं, सॅम ऑल्टमननं, जाहीर लिहिलं होतं की आमचे जीपीयू वितळायलेत, आणि तात्पुरती मर्यादा लावली होती. मग सप्टेंबर २०२५ ला गूगलच्या जेमिनीवर साडीतल्या फोटोंची लाट आली, ती तर आपल्याच देशातली. अशा लाटेच्या दिवसात कुठलीही वेळ चांगली नसते. टूलचं स्टेटस पान असतं, अडकलं की ते एकदा बघायचं, तिकडंच आग लागलेली असेल तर इकडं आपण सेटिंग बदलत बसण्यात अर्थ नाही.

हुरडापार्टी :
साडीच्या लाटेत माझ्या मेव्हण्याने स्वतःचा फोटो टाकला होता. जाऊ द्या.

उदगीरकर :
टाक की इथं

हुरडापार्टी :
घरात राहायचंय मला

निवृत्त_प्राध्यापक :
सर्व तरुण मित्रांनो, वाचतो आहे. आमच्या वेळी सेलूला, परभणीला पेंटर असायचे. भिंतीवर चुन्याची पुट्टी, त्यावर खडूनं चौकोन आखून बैलजोडी काढायचे, तीही समोर बघून. पेंटरचा ब्रश अडकत नव्हता. आज तीच मंडळी काय करतात, हा प्रश्न कुणी विचारत नाही.

फ्लेक्सवाला_परभणी :
सर, माझे वडील पेंटरच होते. दुकानाच्या पाट्या, ट्रकच्या मागची अक्षरं, सगळं करायचे. फ्लेक्स आला तेव्हा त्यांनीच मशीन घ्यायला लावली. आन् पेंटरचा ब्रश अडकत नसला तरी पेंटर अडकायचा, पोळ्याच्या आधी त्यालाच बोलवायला चार चकरा माराव्या लागायच्या 🙏

निवृत्त_प्राध्यापक :
हे मान्य. चार चकरा आम्हीही मारल्या आहेत.

लाल_कंधारी :
बैलाचा विषय निघालाच हाय तर बोलतो. ह्या एआयला बैल काढताच येईना. पोळा म्हणलं तर काळ्या-पांढऱ्या विदेशी गाईला शिंगं लावून देतंय, वशिंडच नाही! आमच्या तालुक्यात तसला फ्लेक्स लागला होता, म्हातारी माणसं थांबून थांबून हसलाली होती.

फ्लेक्सवाला_परभणी :
ते बी एक दुखणंच हाय

देवणीचा_गडी :
जातीचं नाव टाकून भागत नाही, वर्णन टाकावं लागतं. देवणीत बी तीन प्रकार हायेत. वानेरा पांढरा आन् तोंड दोन्ही बाजूंनी काळं, बाळंक्या पांढरा पण खालच्या अंगाला काळे ठिपके, शेवेरा पांढऱ्या अंगावर काळे वेडेवाकडे डाग. तुम्ही शेवेरा मागितला की ते हमखास विदेशी गाय देणार. म्हणून लिहायचं, भारतीय बैल, मोठं वशिंड, गळ्याखाली लोंबती पोळी, लांब लोंबते कान, मग रंग. कंधारी असला तर गडद लाल, एकाच रंगाचा, डोळ्याभोवती काळं. एवढं लिहिलं की बरा येतो.

लाल_कंधारी :
बरोबर. आन् झूल, बाशिंग, गोंडे वेगवेगळे सांगायचे, नाहीतर ते लग्नातल्या घोड्याचं सामान घालतंय.

मोसंबी_जालना :
प्रॉम्प्ट मराठीत टाकायचा का इंग्रजीत? मोठ्या ऑनलाइन टूलला मराठी कळतं असं माझं मत.

अंबाजोगाई_ते_हिंजवडी :
मोठ्यांना कळतं. पण गोदाकाठ वापरतात त्या जुन्या स्टेबल डिफ्यूजनचा मजकूर वाचणारा भाग एका वेळी ७७ टोकनच, म्हणजे शब्दांचे तुकडे, घेतो, आणि तो इंग्रजीवर शिकलेला असल्यामुळं देवनागरीचं एकेक अक्षर कितीतरी टोकन खातं. अर्धा प्रॉम्प्ट वाचण्याआधीच जागा संपते, जे वाचलं ते पण त्याला समजत नाही. त्याला साधं इंग्रजीच द्या.

आणि फ्लेक्सवाल्यांसाठी खास एक शंका. तुम्ही प्रॉम्प्ट कोरलमधून कॉपी करून टाकता का? श्रीलिपी किंवा कृतिदेवच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं असेल तर ते पडद्यावर मराठी दिसतं, पण आतमध्ये इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा कचरा असतो. टूलला तोच कचरा मिळतो. तो पेस्ट केल्यावर बॉक्समध्ये नीट मराठी दिसत नसेल तर समजायचं.

फ्लेक्सवाला_परभणी :
नाही, प्रॉम्प्ट मोबाइलवर बोलून टाइप करतो, युनिकोडच हाय. पण माझ्या पोऱ्यानं दुकानात नक्कीच कोरलमधून टाकलं असणार, त्याला विचारतो.

तुरीचं_वरण :
मराठी अक्षरं फोटोतच मागू नका हे पण सांगा कुणीतरी. 'हार्दिक शुभेच्छा'चं 'हादिर्क शुभेछ' करून दिलं होतं मला, जोडाक्षर आलं की गडबडतंय. आता नवीन टूल सुधारलेत पण माझा भरवसा नाही. अक्षर आपण वरून टाकायचं.

फ्लेक्सवाला_परभणी :
अक्षर तर कोरलमधीच. नावाची वेलांटी चुकली तर गिऱ्हाईक फ्लेक्स उचलत नाही, पैसे तर लांबची गोष्ट.

वाळूजवाला :
अजून एक बघा. तुमच्या दुकानात, शेजारच्या दुकानात सगळे एकच वायफाय वापरून तेच फुकटचं टूल वापरत असाल तर टूलच्या दृष्टीनं तो एकच पत्ता. तुम्ही एकच फोटो मागितला तरी ४२९ येतं कारण आधी शेजारच्यानं मागितलेले असतात. मोबाइल डेटावर करून बघा.

अंबाजोगाई_ते_हिंजवडी :
मोबाइल डेटावर पण कधी कधी तीच गत होते, कंपन्या शेकडो ग्राहकांना एकच बाहेरचा पत्ता (आयपी) देतात. पण करून बघायला हरकत नाही, निदान दोन्हीकडचा फरक कळतो. व्हीपीएन लावून तर अजिबात करू नका, ते पत्ते आधीच बदनाम असतात.

गोदाकाठ_नांदेड :
म्हणूनच म्हणतो घरी चालवा

तुरीचं_वरण :
लाईट गेली का तुमची?

गोदाकाठ_नांदेड :
मोबाइलवरून लिहिलालो 😑

शेतीतला_कोडर :
मी पायथनमधून एपीआय मारतो, म्हणजे बटण न दाबता कोडमधूनच टूलला मागणी पाठवतो, बाजार समितीच्या भावाचे पोस्टर आपोआप बनवायला. आधी माझा कोड एरर आली की लगेच परत मारायचा, मग सगळंच ठप्प व्हायचं. आता थांबण्याचा वेळ दुप्पट करत नेतो, २ सेकंद, मग ४, मग ८, मग १६, आणि त्यात थोडा इकडं-तिकडं फरक, म्हणजे सगळे एकाच क्षणी परत धडकत नाहीत. सर्व्हर 'रिट्राय आफ्टर' सांगत असला तर तेवढंच थांबायचं. आणि काही ठिकाणी मागणीसोबत आपला एक ठरावीक नंबर पाठवता येतो, मग तीच मागणी दोनदा गेली तरी एकदाच धरतात. बटण दाबणाऱ्याला हे सगळं जमणार नाही, पण मागं थांबण्याची युक्ती तीच.

निवृत्त_प्राध्यापक :
म्हणजे चार चकरा, पण दर वेळी अंतर वाढवत.

हुरडापार्टी :
सर 👏

बीडचा_पाहुणा :
कुणी सेफ्टी फिल्टरबद्दल बोललंच नाही अजून. फ्लेक्स म्हणल्यावर त्याच्यात नेता असणारच. तुम्ही नेत्याचं नाव लिहून किंवा फोटो टाकून "यांना बैलगाडीत बसवा" म्हणत असाल तर बरेच टूल नकार देतात. चांगलं टूल सरळ सांगतं की हे बनवणार नाही. काही भिकार टूल काहीच सांगत नाहीत, फक्त फिरत राहतात, कारण तयार झालेला फोटो शेवटी तपासणीत अडवला जातो आणि त्यांच्या पानाला ते दाखवायचं सुचलेलंच नसतं. लहान मुलांच्या फोटोला पण असंच होतं, बारशाच्या बॅनरला बघा.

ओळखायची सोपी रीत सांगतो. अडकलं की एकदा "पांढऱ्या टेबलावर लाल सफरचंद" एवढंच टाका. ते लगेच आलं तर नेट, खातं, सर्व्हर सगळं ठीक हाय, घोळ तुमच्या प्रॉम्प्टमधी किंवा टाकलेल्या फोटोत. सफरचंद पण अडकलं तर मग नेट, गर्दी, लॉगिन हे बघत बसा.

अंबाजोगाई_ते_हिंजवडी :
ही रीत माझ्या सगळ्या लेखनापेक्षा भारी आहे. फक्त आधीचा अडकलेला जॉब रद्द करून मग सफरचंद टाका. स्वस्त पॅकमध्ये एका वेळी एकच जॉब चालतो, आधीचा तसाच लोंबकळत असेल तर सफरचंद त्याच्या मागं उभं राहील आणि तुम्ही चुकीचा निष्कर्ष काढाल.

फळाखडू_लातूर :
लाल सफरचंद कशाला, मोसंबी टाका, जालनेकर खूश होतील.

मोसंबी_जालना :
🍊 ताई

फ्लेक्सवाला_परभणी :
बरं, करून बघितलं. जुने जॉब रद्द केले, सफरचंद टाकलं, चटकन आलं. मग नुसती बैलजोडी टाकली देवणीच्या गड्यानं सांगितलेलं वर्णन लावून, ती बी आली, वशिंड एक नंबर. मग गिऱ्हाइकानं दिलेला साहेबांचा फोटो जोडला की लगेच फिरायला लागलं. फोटो बारीक करून बघितला, तरी तेच. म्हणजे बीडचा पाहुणा म्हणतो तेच असणार. आन् गॅलरीत बघितलं तर आधीच्या दिवसांचे कितीतरी फोटो तिथं तयार पडलेले, मला दिसलेच नव्हते, ते 'आर्काइव्ह' नावाच्या आतल्या कप्प्यात जातेत. कुठं लिहिलेलं बी नाही ते.

बीडचा_पाहुणा :
मग सोपंय. एआयकडून फक्त बैलजोडी, शेत, आभाळ, झेंडूची तोरणं एवढंच घ्या, एका बाजूला जागा मोकळी सोडायला सांगा. साहेब कोरलमधी कट करून बसवा. तसं पण एआयनं साहेबांचा चेहरा थोडा जरी बदलला तर कार्यकर्ते तुम्हालाच धरणार.

फ्लेक्सवाला_परभणी :
ते तर हायच. चेहरा आपण कधीच एआयवर सोडत नाही, हे गिऱ्हाइकाचंच डोकं होतं. क्रेडिटचं काय पण? ते वापस?

वाळूजवाला :
फेल झालेल्या जॉबचे बहुतेक ठिकाणी आपोआप परत येतात, पण तुमचे फोटो तयार होऊन आर्काइव्हमध्ये पडलेत म्हणजे त्यांच्या लेखी काम झालेलं आहे. ते मिळणं अवघड. साहेबांच्या फोटोवर अडकलेले जे आहेत त्यांचे मागा. प्रत्येकाचा जॉब नंबर, वेळ आणि फिरणाऱ्या गोलाचा स्क्रीनशॉट एकत्र करून सपोर्टला एकच मेल टाका, तुकड्या-तुकड्यानं टाकू नका. शिव्या देऊ नका, नंबर द्या. आणि जर यूपीआयनं पैसे गेले पण क्रेडिट जमाच झाले नाहीत असं असेल तर तो वेगळा विषय, त्याला बारा आकडी यूटीआर नंबर लागतो, तो यूपीआय अ‍ॅपच्या व्यवहारात दिसतो.

फ्लेक्सवाला_परभणी :
मेल टाकतो. अजून एक, आता बैलजोडी आली १०२४ ची. फ्लेक्स हाय १० बाय ८ फुटाचा. मोठं करायला त्याच टूलमधलं अपस्केल दाबलं तर ते बी फिरत बसलंय 🙄

तुरीचं_वरण :
सफरचंदाला अपस्केल करून बघ

गोदाकाठ_नांदेड :
आता माझं ऐकशील का. १० फूट म्हणजे १२० इंच, १०२४ पिक्सेल त्याच्यावर ताणले तर इंचाला साडेआठ पिक्सेल पडतेत, जवळ उभं राहिलं की चौकोन दिसतेत. चारपट केलं की ४०९६, म्हणजे इंचाला चौतीस. चौकात वर टांगलेला फ्लेक्स लोक लांबून बघतेत, तेवढ्यात भागतं. ह्याला ऑनलाइन टूल लागतच नाही, रिअल-ईएसआरगॅन म्हणून फोटो मोठा करायचं सॉफ्टवेअर फुकट हाय आन् तुझ्या चार जीबीच्या कार्डावर मजेत चालतं. फक्त टाइलचा आकार ठेवायचा ठरवून. नुसतं चालू केलं आन् मेमरी संपली तर ते बी अडकल. टाइल २५६ ठेव, तुकडे करून मोठं करतं आन् परत जोडतं.

देवणीचा_गडी :
जोडल्यावर बैलाचे पाय मोजा. मागं एकाला पाच होते.

फ्लेक्सवाला_परभणी :
दोन बैलाला आठ, मोजले. एका बैलाच्या शेपटीचा गोंडा दुसऱ्याच्या शिंगाला लागलाय, तो कोरलमधी काढतो. गोदाकाठ भौ, टाइल २५६ टाकलं, चाललंय, काळ्या खिडकीत टक्के वाढायलेत.

गोदाकाठ_नांदेड :
झालं की प्रिंटला टाकायच्या आधी एकदा इथं टाक, शिंगाच्या कडा बघू. अपस्केल केल्यावर शिंगाला प्लास्टिकसारखी चमक येती, ती थोडी कमी करावी लागती.